गालाच्या हाडावर बसवलेले दात

माझे वरचे दात जबड्यात नाहीत. दोन्ही गालांच्या हाडांत रोवलेल्या लांब स्क्रूंवर ते बसवले आहेत, कारण वरचा जबडा मला उरलेलाच नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी आली, तिच्यात तो गेला. दात, हिरड्या, टाळू, सगळंच. आज समोरच्या माणसाला पटकन काही कळत नाही. फार तर त्याला वाटतं, बाईंचा वरचा ओठ जरा ताठ आहे.

दवाखान्यात तपासणीला गेले की कुणी ना कुणी गाठतं. दुखतं का हो? बोलता येतं का? माणसांत जाता का? मी उभ्या उभ्या जमेल तेवढं सांगते आणि बस पकडायला पळते. पळता पळता वाटत राहतं की अर्धंच सांगितलं. म्हणून एकदा बसून लिहिते आहे. औषधांची नावं आणि शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टर देतील. मी आमच्या घराचं सांगते.

घरी आले तो दिवस

मी जळगावजवळच्या असोद्याची सून. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. घरात आम्ही चौघं होतो. मी, माझे पती किशोर, सातवीतली मुलगी तनुजा आणि सासरे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणत आले. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेल्या होत्या. किशोर यांचं जळगावात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन शेतकरी यायचे. पिकाचं पाणी थांबलेलं असायचं, म्हणून किशोर जेवण सोडून कामाला बसायचे.

आम्हाला दोघांना एकदमच ताप आला. जळगावात दोन वेगळ्या दवाखान्यांत जागा मिळाली. सुरुवातीला फोनवर बोलणं व्हायचं. मग त्यांना धाप लागायला लागली, तेव्हा ते नुसतं ऐकायचे आणि मी बोलायचे. मग फोन लागेना. धुळ्याचा माझा मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणते, तो सांगायचा, "भाऊजींना दुसऱ्या दवाखान्यात हलवलंय, तिथं फोन आत नेऊ देत नाहीत." मला मधुमेह आधीपासून होता. स्टेरॉइडनं साखर आणखी चढलेली. डोकं चालत नव्हतं, म्हणून मी विश्वास ठेवला. किंवा मला ठेवायचाच होता.

मला सुट्टी झाली तेव्हा दादा न्यायला आला. गाडी दाराशी थांबली. आबा ओट्यावर बसले होते. एरवी त्यांचं डोकं पांढऱ्या दाट केसांनी भरलेलं असायचं. त्या दिवशी ते तुळतुळीत होतं.

मुलाच्या मागे बापानं केस काढले होते. मला कुणी काही सांगण्याची गरजच पडली नाही.

रडून सुजलाय चेहरा

त्या दिवसांत माझा उजवा गाल जड झाला. मग डावाही. डोळ्यांखाली सूज, कपाळात ठणका. भेटायला येणाऱ्या बायका हळहळायच्या, "रडून रडून काय तोंड करून घेतलं बाई." मलाही तेच वाटत होतं. नवरा गेलेल्या बाईचं डोकं दुखायचंच.

मग एक दिवस दात घासताना पुढचा दात हलला. बोटानं दाबून पाहिलं, तर शेजारचेही त्याच्याबरोबर हलले. सगळे एकदम, ट्रेमध्ये ठेवलेल्या कपांसारखे. नाकातून काळपट पाणी आलं. मी टॉवेलनं पुसलं आणि टॉवेल धुवून टाकला. तनुजाच्या डोळ्यांसमोर आणखी काही नको होतं.

आबांनी मात्र ते पाहिलं होतं. दुपारी माझ्यासमोर येऊन बसले.

"माय, हे रडण्याचं नही," ते म्हणाले. "रडून दात हालत नही. चाल, डाक्टरले दाखवू."

जळगावच्या दातांच्या डॉक्टरांनी आरशानं टाळू पाहिली आणि हात मागे घेतला. टाळू काळी पडली होती. "आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा," म्हणाले. "उद्यावर टाकू नका." त्या आठवड्यात जळगावात जागा मिळेना. दादानं धुळ्यात खटपट केली आणि संध्याकाळपर्यंत मी धुळ्यात होते.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. मास्कवरचे डोळे थकून लाल झालेले. त्यांनी स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसल्या आणि फिरवून फिरवून काही बोलल्या नाहीत.

"वरचा जबडा काढावा लागेल. दात आणि टाळूसकट. डोळे वाचवायचा प्रयत्न करू."

मला पहिला प्रश्न सुचला तो वेड्यासारखा. "दात परत बसवता येतात का नंतर?"

"आधी तुम्ही परत या," म्हणाल्या. "मग दातांचं बघू."

बाहेर आबा बाकावर बसले होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा घातली. "जीव राह्यला पाह्यजे," एवढंच म्हणाले. मुलाच्या वेळी त्यांना एवढंही बोलायला कुणी समोर बसवलं नव्हतं.

वॉर्डातल्या सकाळी

शुद्धीवर आले तेव्हा तोंड औषधी पट्टीनं गच्च भरलेलं होतं. नाकातून नळी पोटात गेलेली. त्या नळीतून दूध, वरणाचं पाणी, पावडर. जिभेला कशाचाच पत्ता नाही.

रोज सकाळी पट्टी बदलायचे. त्याआधीचा अर्धा तास सगळा वॉर्ड गप्प असायचा. ट्रॉलीचं चाक वाजलं की प्रत्येक बाई भिंतीकडे तोंड करायची, जणू आपल्याला पाहिलं नाही तर ट्रॉली पुढे जाईल. मग दुपारी बुरशीवरच्या औषधाचं ते सलाईन. त्याला उजेड लागू नये म्हणून बाटलीला काळं गुंडाळलेलं असायचं. ते चालू झालं की थंडी भरायची. मे महिन्यातलं धुळ्याचं ऊन, आणि आम्ही ब्लँकेट अंगावर घेऊन दात वाजवत पडलेल्या. ज्यांना दात होते त्या.

हे दातांचं पहिल्यांदा म्हणाली ती शेजारच्या खाटेवरची इंदूबाई. शिंदखेड्याकडची, मजुरी करणारी. तिचा डावा डोळा काढला होता. तिची भाषा अहिराणी, आमच्या असोद्याच्या बोलीपेक्षा वेगळी, पण समजायची. मला बोलता येत नव्हतं, म्हणून तीच दोघींच्या वाटचं बोलायची.

एकदा माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "मना डोया गया, तुना दात ग्यात. दोन्ही मिळीसन एक पुरी बाई व्हई."

मला हसू आलं. हसताना टाके ओढले गेले, डोळ्यांतून पाणी आलं. तीही हसली. किशोर गेल्यानंतर मी पहिल्यांदाच हसले होते, आणि लगेच अपराधी वाटलं.

पुढे इंदूबाईला ताप यायला लागला. ती बोलायची थांबली. बुरशी मेंदूकडे सरकली होती. एका सकाळी मी तपासणीहून परत आले तर तिच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली, आणि तिचा मुलगा खाली बसून तिच्या चपला पिशवीत भरत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हा मला कळलं की आपल्याला आता सांत्वनही करता येत नाही.

ब म्हणजे म

टाळू नसली की नाक आणि तोंड एकच होतं. पाणी प्यायला गेलं की नाकातून परत. बोलायला गेलं की हवा नाकातून निघून जाते. ब चा म होतो, द चा न होतो. मॅडमनी एक प्लेट करून दिली. टाळूच्या जागी बसवायची, वरती खोटे दात लावलेली. पण कवळीला धरायला निदान हिरडी तरी लागते, मला तीही नव्हती. प्लेट जिभेनं वर दाबून धरायची आणि त्याच जिभेनं बोलायचं. दोन वाक्यं झाली की ती खाली यायची.

फोन आला की तनुजा घ्यायची. बँकेचा असो, शाळेचा असो. मी बोलायचे आणि ती पलीकडच्याला समजावून सांगायची. एकदा तिच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. मी साडी नेसून तयार झाले. ती दप्तर आवरत खाली मान घालून म्हणाली, "आई, तू नको येऊ. आबांना पाठव."

मी साडी बदलली. आबा गेले. त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. माझ्यासमोर जेवणंही तिनं बंद केलं होतं. ताट घेऊन आतल्या खोलीत जायची. ती तेव्हा मोठी होत होती. बाप गेलेला, आणि आईच्या नाकातून वरण येतंय. मी तिला काय म्हणणार होते?

शाळेत रुजू झाले तेव्हा मास्कचे दिवस होते, म्हणून निभावलं. मग मास्क गेले. पहिलीच्या वर्गात मी फळ्यावर चित्र काढलं, खाली शब्द लिहिला आणि वाचून दाखवला. मुलांनी माझ्या मागे एका सुरात म्हटलं, "मनक!"

बदक म्हणायचं होतं.

कुणीही हसलं नाही. मुलं टिंगल करत नव्हती. बाईंनी जसं म्हटलं तसंच ती म्हणत होती, मन लावून. टिंगल केली असती तर मी रागावले असते आणि विषय संपला असता. मी मुख्याध्यापकांना सांगून वर्ग सोडला. कार्यालयातलं लिहायचं काम आणि पोषण आहाराची देखरेख मागून घेतली. वर्गाचे आवाज भिंतीपलीकडून यायचे, त्यात दुसऱ्या बाईंचा स्वच्छ ब.

आबांची कवळी

माझं जेवण म्हणजे मिक्सरमधून काढलेलं काहीही. वरणभात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. आणि केळी. घरचीच केळी, आबा रोज बागेतून पिकलेली वेचून आणायचे, वाटीत काट्यानं मऊ करायचे. काही महिन्यांनी केळ्याच्या वासानंच मला मळमळायला लागलं, पण त्यांच्या हातातली वाटी मी कधी परत केली नाही.

आबांच्या तोंडात कवळी होती. तिच्यावर ते कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मजेत खायचे. मी दवाखान्यातून आल्यावर एक दिवस ते जेवायला बसले, कवळी काढली, स्टीलच्या वाटीत ठेवली आणि म्हणाले, "मले बी तेच वाढ."

मी खुणेनं विचारलं, का?

"तुले दात नही, तं मले कायले पाह्यजे? म्हातारा माणूस. पातळच बरं."

तेव्हापासून आम्ही दोघं समोरासमोर बसून तेच पातळ खायचो. त्यांच्या हनुवटीवर ओघळ आला की मी खूण करायचे, माझ्या नाकाखाली आलं की ते करायचे. माझ्या वरच्या ओठाला संवेदना नव्हती, अजूनही नाही, त्यामुळे मला कळायचं नाही. गावातली माणसं त्यांना चिडवायची, सून पोटभर जेवू देत नाही का म्हणून. ते नुसते हसायचे. कुणालाही खरं कारण त्यांनी सांगितलं नाही.

किशोर यांचं नाव आम्ही दोघं घेत नव्हतो. ती वेगळीच पट्टी होती, दोघांच्याही तोंडात.

पुन्हा धुळे, मग जळगाव

तपासण्या स्वच्छ येत गेल्या, तेव्हा मॅडमनी दातांचा विषय काढला. मी विसरले होते, त्या विसरल्या नव्हत्या.

"साधे इम्प्लांट जबड्याच्या हाडात बसवतात," म्हणाल्या. "तुम्हाला ते हाडच नाही. पण गालाचं हाड शाबूत आहे. तिथपर्यंत जाणारे लांब स्क्रू असतात. त्यांच्यावर टाळू आणि दात एकत्र बसवता येतील. शंभर टक्के टिकतील असं वचन मी देत नाही."

जळगावात असं काम करणारे सर्जन होते, त्यांच्याकडे त्यांनी पाठवलं. पुन्हा भूल, पुन्हा ती ट्रॉली. मी नको म्हणून टाकलं. तनुजा तेव्हा दहावीला होती. तिनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि दारातच म्हणाली, "आई, कर ना ऑपरेशन. मला तुझा आवाज आठवत नाही."

ऑपरेशन झालं. चेहरा एवढा सुजला की डोळे फटीसारखे झाले. चारांपैकी एक स्क्रू हाडात धरलाच नाही. पू झाला, तो काढावा लागला. जखम भरू द्यायची, मग पुन्हा प्रयत्न. म्हणजे पुन्हा महिने. मी सर्जनसमोर खुर्चीत बसून राहिले. रागही आला नाही. आपल्या अंगात काही टिकत नाही, एवढंच वाटलं.

ज्यांच्या बाबतीत असं होईल त्यांना सांगते, स्क्रू निघाला म्हणजे सगळं गेलं असं नसतं. माझा दुसऱ्यांदा बसवलेला नीट धरला. पण त्या मधल्या महिन्यांत हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

त्याच मधल्या काळात आबांना अर्धांगवायू झाला. बागेतून आले, ओट्याची पायरी चढताना बसले आणि उठलेच नाहीत. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला वळलं. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. कवळी आता बसेना. पाणी श्वासनळीत जायचं, ठसका लागायचा. फिजिओथेरपीवाला मला शिकवायला लागला की डोकं किती वर ठेवायचं, घास किती पातळ करायचा. मला ते सगळं येत होतं.

फोटो

दात बनवायच्या आधी जळगावच्या डॉक्टरांनी माझा जुना हसरा फोटो मागितला. दातांचा आकार, ठेवण कशी होती ते पाहायला. मी फार शोधलं. फोटोत मी तोंड मिटूनच हसायचे, जुन्या बायकांसारखी. एकाच फोटोत खळखळून हसले होते. दादाच्या मुलीच्या साखरपुड्यात, किशोर काहीतरी बोलले म्हणून.

डॉक्टरांनी तो कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा करत गेले. आधी मंडप गेला. मग किशोर यांचा चेहरा पडद्याच्या कडेबाहेर सरकला. मग माझे डोळे. शेवटी पडद्यावर फक्त माझे दात उरले, आणि कडेला त्यांच्या निळ्या शर्टाचा खांदा.

"छान दिसताहेत," डॉक्टर म्हणाले. "असेच करू."

मी म्हटलं, "थोडा वेळ असंच राहू द्या." त्यांना वाटलं मी दात पाहते आहे.

भाकरी

दात बसवले त्या दिवशी तनुजा बरोबर होती. शेवटचा स्क्रू आवळला आणि डॉक्टर म्हणाले, "बोला काहीतरी." मी तिच्याकडे पाहून म्हटलं, "तनू, दार बंद कर, पंख्याचा आवाज येतोय." सगळी अक्षरं जागच्या जागी आली. तिनं दार बंद केलं आणि तिथंच, दाराकडे तोंड करून, कितीतरी वेळ उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

पहिले काही आठवडे मऊच खायचं होतं. मग परवानगी मिळाली. मी कळण्याची भाकरी थापली. बऱ्याच दिवसांनी, म्हणून काठ फाटले. वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा केला. ताट घेऊन आबांच्या खाटेजवळ बसले. त्यांच्यासाठी वाटीत पातळ मऊ भात होता.

ते मान वळवून ताटाकडे बघत राहिले. मग डाव्या हातानं ताट माझ्याकडे ढकललं.

"खाय," म्हणाले. तो शब्द त्यांना अजून येत होता.

मी तुकडा मोडला, चावला. भाकरीचा पापुद्रा दाताखाली करकरला तो आवाज डोक्यात घुमला. जीभ टाळूला लागली, ती खरी नव्हती, पण टाळू होती. आबा ऐकत होते. त्यांचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. हसत होते का रडत होते ते मला ओळखता आलं नाही. मी एक घास खायचे आणि एक चमचा त्यांना भरवायचे. भाकरीचा एवढासा कण तरी त्यांच्या जिभेवर ठेवावा असं फार वाटलं. ठसक्याच्या भीतीनं ठेवला नाही.

बोट ठेच्यात बुडवून त्यांच्या ओठाला लावलं, एवढंच. त्यांनी डोळे मिटले.

पोळ्याच्या आधी आबा गेले. दुपारी मी भरवत होते, चमचा ओठांशी नेला आणि ओठ उघडले नाहीत.

दहाव्याला माणसं जमली. ज्या बायका मला तोंड लपवून वावरताना पाहत आल्या होत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, "बरं झालं बाई, म्हाताऱ्यानं तुझं नीट झालेलं पाह्यलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तीन वर्षं माझ्यासाठी दात वाटीत काढून ठेवणारा माणूस पातळ भात खाऊन गेला, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगताना माझा आवाज स्वच्छ आला असता, तोच नको होता.

आता

मी पुन्हा पहिलीचा वर्ग घेते. दात रोज बारीक ब्रशनं आतून साफ करावे लागतात, कंटाळा केला तर सूज येते. थंडीत गालाच्या हाडात दुखतं. साखर सांभाळावी लागते. ओठाला काही कळत नाही, म्हणून जेवल्यावर आरशात बघते. तनुजा शिकायला बाहेर आहे. फोनवर ती मला जास्त बोलायला लावते आणि स्वतः गप्प राहून ऐकते. घरात एकटीचा स्वयंपाक असतो.

मागच्या महिन्यात धुळ्याच्या मॅडमचा फोन आला. एक पेशंट आहेत, म्हणाल्या, शिंदखेड्याकडचे शेतकरी, मधुमेह होता, तेच झालं. वरचा जबडा काढलाय. खाणंपिणं सोडलंय, नळीही ओढून काढतात. तुम्ही एकदा येता का?

मी डबा घेऊन गेले. ते खिडकीकडे तोंड करून पडले होते, टॉवेल नाकापर्यंत ओढलेला. बायको पायाशी बसलेली. मी काही समजावलं नाही. स्टुलावर बसले, डबा उघडला आणि भाकरी-मिरची खायला लागले. चावण्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. माझ्या तोंडाकडे एकटक पाहत राहिले. मग टॉवेलामागून काहीतरी विचारलं. सगळे ब म झालेले, सगळे द न झालेले. बायको समजावून सांगायला लागली. मी तिला थांबवलं. मला ते सगळं समजलं होतं.

"हो," मी त्यांना म्हटलं. "माझाही असाच काढलाय. वेळ लागतो. पण खाता येतं."

त्यांनी टॉवेल खाली घेतला. बायकोनं घाईघाईनं नळीसाठी दूध गाळायला घेतलं, जणू त्यांचं मन पुन्हा बदलेल. दूध गाळता गाळता ती माझ्याकडे वळली. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं असावं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हले दात उनात तवय घरना बठ्ठा खूश झाया व्हतीन ना?"

"हो," मी म्हटलं. "घरचे सगळे खूप खूश झाले."

आणि पुढचा घास तोडला, कारण खाटेवरून ते अजून माझ्याकडे बघत होते.